आठ नंबर

होलियोकच्या कालव्यावर कागदाच्या गिरण्या होत्या म्हणतात.
आता खिडक्यांत पारवे,
आणि पाटीवर भाड्यासाठी फोन नंबर.
पलीकडच्या शाळेत, खोली चौदा,
मी मदतनीस. पगार तासावर.
मांडीवर यादिएलची फाइल:
लक्ष देतो का? नाही.
उत्तर देतो का? कधीमधी.
समासात रेघोट्या मारतो का? हो, हो, हो.
दर शुक्रवारी मी हे कागदी घोडे नाचवते,
ते दौडत ऑफिसात जातात.
परत आलेला एकही पाहिला नाही.

आज मिसेस स्रोकांनी गणित मिटवलं.
बाहेर फेब्रुवारी, मिठाने करडा पडलेला बर्फ,
आत रेडिएटर खोकत होता.
म्हणाल्या, काढा तुमची गिचमीड वह्यांतून बाहेर.
रागावणार नाही. तपासणार नाही.
आज तिला उभी करायची.

बोटभर रुंद पट्ट्या, काठावर उभ्या,
तळाशी नखभर दुमड, दुमडीला गोंद,
आणि दहा मोजेपर्यंत दाबून धरायचं.
(आमचा वर्ग दहा मोजताना सातला दोनदा भेटतो.)
नागमोडी रेघेची घसरगुंडी झाली.
ओशीनने रागारागात खोडलेलं काहीतरी
चिमटून चिमटून काटेरी कुंपण झालं.
एकाची बाहीच टेबलाला चिकटली.

मलाही एक पट्टी मिळाली.
फोनवर बोलताना, विजेच्या बिलामागे
माझा हात जे काढतो तेच केलं:
नुसती वेलांटी. खाली कुणी नाही.
वळवली, चिकटवली,
उभी राहिली, जराशी कलून.
'हा कुठला प्राणी?' ब्रियेलाने विचारलं.
प्राणी नाही गं. अक्षराच्या डोक्यावरचं छप्पर.
'मग अक्षर कुठंय?'
मी खरंच इकडेतिकडे पाहिलं.
तिने गोंदाचं टोपण आणून खाली ठेवलं.
मावलं.

यादिएल बोलत नव्हता.
वर्तुळात वर्तुळ, त्याच्या पोटात आणखी एक,
रोजचीच त्याची गुंतवळ, आता हाताएवढी,
मधून आरपार एक पेन्सिल.
खाली चार पट्ट्या लावल्या त्याने, पायांसारख्या.
मला वाटलं, घोडा होणार.
ह्याच्या नावाने इतके नाचवले,
एक तरी स्वतःच्या पायांवर उभा राहावा.
'घोडा?'
त्याने माझ्याकडे पाहिलं,
या खोलीत चुकीच्या उत्तराकडे पाहतात तसं.
मग बोट लावलं.

अख्खा गुंता पेन्सिलीवर फिरला.
आत अडकवलेला निळा कपटा
वर गेला, पडला,
वर गेला, पडला.
'ड्रायर,' तो म्हणाला. 'आठ नंबर.
जास्त तापतो. कधी कधी शेवटचं नाणं परत देतो.'
आई लोकांच्या कपड्यांच्या घड्या घालते, रात्री दहापर्यंत.
हा समोरच्या बाकावर.
दीड वर्षं तो वहीत हेच उतरवत होता,
आणि आम्ही फाइलीत लिहीत होतो,
निरर्थक वर्तुळे.
अक्षर माझंच आहे. सुबक आहे.

ऊन आलं, जेमतेम चार मिनिटांचं.
रेघोटीला सावली नसते.
ह्याला होती,
तीही फिरत होती, स्पेलिंगच्या तक्त्यावरून.
ओशीनने हळूच आपलं कुंपण
ड्रायरपासून थोडं लांब सरकवलं,
कपडे फाटू नयेत म्हणून.

घंटा झाली तरी यादिएल उठेना.
'नऊ नंबर पण करायचाय.
तो बंद पडलाय. त्याला फिरवायचं नाही,
सोपा आहे.'
कागद संपला होता.
कपाटात नाही, खोक्यात नाही.
माझ्या मांडीवर होता.
मी शुक्रवारचा कोरा फॉर्म बाहेर काढला,
त्याच्या चौकटी एकदा वाचल्या,
आणि कात्री मागितली.